घोरणाऱ्याची साक्ष

घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय समजला जातो. आमच्या थोरल्या बंधूंच्या घोरण्यावर मुले हसत. वहिनी मात्र हसत नसत. मध्येच तो आवाज थांबे, श्वासही थांबे, आणि काही वेळाने गुदमरल्यासारखा परत येई, हे त्यांनी अनेक रात्री जागून ऐकले होते.

बेळगावच्या एका रुग्णालयात भाऊंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा वहिनींनी ही हकीकत भूलतज्ज्ञांच्या कानी घातली. भाऊंचे मागणे एवढेच होते, "मला झोपवा. करवतीचा आवाज ऐकवणार नाही." डॉक्टरांनी सौम्यपणे नकार दिला. त्याचे कारण आम्ही समजावून घेतले.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. कित्येकांची श्वासाची वाट त्यामुळे मिटते. दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास अडतो, आणि मेंदू त्यांना क्षणभर जागे करून तो पुन्हा सुरू करतो. या विकारास स्लीप ॲप्निया म्हणतात. गुंगीचे औषध स्नायू आणखी सैल करते आणि जागे करणाऱ्या त्या पहारेकऱ्यासही पेंगवते.

वेदनेचा प्रश्न निराळा. पाठीच्या कण्यात सुईने औषध देऊन कमरेखालचे अंग बधिर करण्याची रीत जर्मनीच्या ऑगस्ट बीर यांनी १८९८ साली दाखवून दिली. मग उरते ती भीती. तिच्यासाठी भाऊंच्या कानांवर हेडफोन चढवले आणि डोळ्यांपुढे लहानसा पडदा धरून जुना चित्रपट लावला. ही युक्ती अगदी नवी नव्हे. अमेरिकन शल्यवैद्य इव्हान केन यांनी शस्त्रक्रियागृहातील ग्रामोफोनविषयी १९१४ सालीच लिहिले होते. गुंतलेल्या मनाला भिण्यास सवड कमी मिळते. हातोड्याचे हादरे जाणवले, पण चित्रपटातील भांडण अधिक रंगले होते, असे भाऊ सांगतात.

हा उपाय सर्वांसाठी नाही. मोठ्या पोटाच्या शस्त्रक्रियेस बहुधा पूर्ण भूल लागते, आणि करमणूक चालू असतानाही भूलतज्ज्ञांचे लक्ष रोग्याच्या श्वासावर असावेच लागते. निर्णय त्यांचाच. पण निर्णयासाठी त्यांना माहिती हवी, आणि ती रोगी कशी देणार? श्वास अडतो तेव्हा तो झोपेत असतो. म्हणून वाचकहो, शस्त्रक्रियेपूर्वी घरच्यांनीच ही साक्ष द्यावी. रात्री श्वासाचे यंत्र लावत असल्यास तेही बरोबर न्यावे.