बापूंचा जोड

परवा लेकानं मोबाइलवर फुटबॉलचा बूट दाखवला. "पप्पा, एक बूट फक्त एकशे नव्वद ग्रॅम." मी किंमत बघितली अन् गप बसलो. पावशेराच्याही आतला बूट! मला आमच्या येलदरीच्या घरात खुंटीला टांगलेला जोड आठवला.

येलदरी म्हणजे पूर्णा नदीवरचं धरण, तालुका जिंतूर. धरणाच्या पायथ्याला वीजघर अन् जवळच नोकरदारांची वसाहत. गाव शेतकऱ्यांचं, वसाहतीत मात्र सगळ्या महाराष्ट्रातली माणसं. आमच्याकडं खेळ म्हणजे कबड्डी, कुस्ती, फार तर क्रिकेट. फुटबॉल आला तो वसाहतीतून. कोल्हापूरकडचे एक साहेब बदलून आले होते. त्यांच्या गावी तालमीतालमींच्या टीमा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम अन् शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की लोक कामधंदा सोडून जातात म्हणे. अशा माणसाला येलदरीत करमणार कसं? त्यांनी एक बॉल आणला अन् आम्हा पोरांना गोळा केलं.

मैदान धरणानंच दिलं. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की गाळाची सपाट जमीन उघडी पडायची. काही लोक तिथं गाळपेर करायचे, उरलेल्या तुकड्यावर आम्ही खेळायचो. काळी माती वाळली की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावरून आम्ही अनवाणीच पळायचो. वहाणा काढून ठेवल्या की तेच गोलपोस्ट.

साहेब म्हणायचे, "लाजायचं काय त्यात? १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपली टीम फ्रान्सशी खेळली, तेव्हा निम्म्याहून जास्त पोरं अनवाणी होती. दोन-एकनं हरलो, पण बुटातले गोरे बघत राहिले." पुढचं मात्र ते हळू आवाजात सांगायचे. १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं आपल्याला दहा-एकनं धुतलं, अन् त्यानंतर आपल्याकडं बूट सक्तीचे झाले. अनवाणी खेळू देईनात म्हणून १९५० च्या विश्वचषकाला भारत गेला नाही, असंही ते रंगवून सांगायचे. ही गोष्ट खरी नव्हती, हे मी फार नंतर वाचलं.

मी नववीला होतो, १९९८ साल. विश्वचषकाची फायनल आपल्याकडं रात्री साडेबाराला लागली. वसाहतीत साहेबांच्या घरी, खिडकीतसुद्धा पोरं. ब्राझील तीन-शून्यनं हरला. पण मी मॅच बघतच नव्हतो. मी रोनाल्डोच्या पायातले चंदेरी, निळे-पिवळे बूट बघत होतो. तोवर मला बूट म्हणजे काळाच माहीत.

त्या बुटात काय होतं, ते पुढं कळलं. जुना बूट जाड कातड्याचा, घोट्याच्या वर जाणारा, अर्ध्या किलोच्या घरातला. पावसात कातडं पाणी प्यायचं अन् तो आणखी जड व्हायचा. १९५४ ला बर्नच्या फायनलला पाऊस लागला, तेव्हा जर्मनांनी आदिदासचे फिरवून बसवायचे स्टड लावले. चिखल बघून लांब स्टड लावले अन् हंगेरीला तीन-दोननं हरवलं. मग बूट घोट्याखाली आला, तळ प्लॅस्टिकचा झाला, वर कांगारूचं मऊ कातडं आलं. १९९८ ला नायकेनं रोनाल्डोसाठी मर्क्युरिअल काढला. त्यात कातडं काढून पातळ कृत्रिम कापड घातलं. पाणी धरत नाही, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. २०१० ला आदिदासचा एकशे पासष्ट ग्रॅमचा आला, २०१५ ला तर नव्व्याण्णव ग्रॅमचा. हिशेब सोपा आहे. मॅचमध्ये खेळाडू नऊ-दहा किलोमीटर पळतो अन् दर पावलाला बूट उचलतो. पायाच्या टोकाला बांधलेलं शंभर ग्रॅम कमरेला बांधलेल्या शंभर ग्रॅमपेक्षा जास्त थकवतं. फक्त एवढ्या पातळ बुटावर कुणी पाय दिला, की बोटांचं काही खरं नाही.

हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मला फक्त तसा बूट पाहिजे होता. दिवाळीनंतर शाळेची टीम परभणीला स्पर्धेला जाणार होती. मी घरी हट्ट धरला, दोन दिवस जेवलो नाही. माय चिडली, "बापाच्या पायात धड चप्पल नाही, अन् ह्याला बूट!" बापू काही बोलला नाही.

कापूस घालून आला त्या दिवशी त्याच्या हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी झडप घातली. आत काळेकुट्ट, टणक कातड्याचे बूट. खाली खिळ्यांनी ठोकलेले स्टड. वर दोन नंबर मोठे. "पाय वाढतो लेकराचा," बापू म्हणाला. "दुकानदार म्हणला, दहा वर्सं मरण नाही."

मी हसलो नाही. घालूनही बघितले नाहीत. त्याचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल, हे मला आठवत नाही, कारण मी त्याच्याकडं बघितलंच नाही.

परभणीला मी बूट पिशवीत नेले अन् पिशवीतच ठेवले. शहरातली पोरं बघतील म्हणून. अनवाणी खेळलो. दुसऱ्या हाफमध्ये एकाचा बूट माझ्या अंगठ्यावर पडला, नख उपटलं. पहिल्याच मॅचला आम्ही बाहेर.

घरी आल्यावर बापूनं विचारलं, "बूट कसे हायेत?"

"चांगले हायेत. घालूनच खेळलो."

त्यानं माझ्या अंगठ्याकडं बघितलं. चिंधी बांधलेली, रक्त सुकलेलं. मग पिशवीतले बूट काढले, उलटे करून बघितले. तळाला मातीचा कण नव्हता.

"लई भारी बूट म्हणायचे," तो म्हणाला. "वरून काही झालं नाही अन् अंगठा आतून फुटला."

एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्या हिवाळ्यात गव्हाला पाणी द्यायला लाइट रात्रीची होती. बापू बॅटरी अन् फावडं घेऊन निघायचा. एका रात्री बघितलं, तर त्याच्या पायात तेच बूट. त्याला ते जरा घट्टच. "दंडावर पाय घसरत नाही ह्यानं," तो मायला सांगत होता. पहाटे तो यायचा तेव्हा बुटाला हे एवढे चिखलाचे गोळे. माय विळ्यानं खरवडून काढायची. सात-आठ हिवाळे त्यानं ते वापरले. दोनदा तळ शिवून आणला. बापू जाऊन आता अकरा वर्षं झाली. माफी मागायची राहून गेली. त्याला ती लागत नव्हती, मला लागत होती.

लेकाचा बूट मी मागवला. गेल्या पावसाळ्यात त्याला घेऊन गावी गेलो. पोरगं नवे बूट घालून शेतात पळालं अन् दहा पावलांतच काळी माती चिकटून एकेक बूट विटेएवढा झाला. माय हसायला लागली. तिनं धुऊन बूट हातात घेतला, वरखाली केला. "ह्यात पाय ऱ्हातो तरी का रे?"

पोराचं लक्ष खुंटीवर गेलं. "आजी, हे कुणाचे?"

"तुझ्या आज्याचे."

"आजोबा फुटबॉल खेळायचे? कुठल्या पोझिशनला?"

मी काही सांगणार, तेवढ्यात माय म्हणाली, "रातपाळीला."