कॅमेरा कोणाच्या हाती?

आमच्या धर्मग्रामातील मासळी विकणाऱ्या एका बाईंच्या कष्टांचा दाखला आम्ही प्रवचनात अनेकदा दिला. एकदा त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही छान सांगता. पण मला काय वाटतं, ते कधी विचारलं नाही." आम्ही निरुत्तर झालो. डेव्हिड गोल्डब्लॅट या दक्षिण आफ्रिकन छायाचित्रकाराविषयी वाचताना ते वाक्य आम्हांला पुन्हा आठवले.

गोल्डब्लॅट यांचा जन्म १९३० साली जोहान्सबर्गजवळील रँडफाँटीन या सोन्याच्या खाणींच्या गावी, ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचे कपड्यांचे दुकान होते. वडील निवर्तल्यावर त्यांनी ते विकले आणि १९६३पासून छायाचित्रणास वाहून घेतले. देशावर वर्णद्वेषी राजवटीचा वरवंटा फिरत होता. तथापि दंगली-गोळीबारामागे ते फारसे धावले नाहीत. खाणकामगार, गोऱ्यांच्या वसाहती, चर्चच्या वास्तू यांतून अन्याय नित्याच्या जगण्यात कसा मुरतो, हे त्यांनी दाखवले. त्या काळाला रंग फार गोड ठरतील, म्हणून त्यांची ही छायाचित्रे कृष्णधवल आहेत.

क्वान्डेबेले येथील बसप्रवाशांची त्यांची छायाचित्रे १९८३-८४ मधील. कृष्णवर्णीयांना शहरात राहण्याची मोकळीक नव्हती. म्हणून हे मजूर पहाटे तीनच्या सुमारास बस धरीत, कित्येक तास प्रवास करून प्रिटोरियाला कामावर जात आणि रात्री तसेच परतत. अंधाऱ्या बसमध्ये मान टाकून झोपलेली ती माणसे पाहताना मन गलबलून येते.

तरीही कॅमेरा गोऱ्या माणसाच्याच हाती होता. १९८९ साली, वर्णद्वेषी कायदे अद्याप अस्तित्वात असताना, गोल्डब्लॅट यांनी जोहान्सबर्गमध्ये 'मार्केट फोटो वर्कशॉप' ही शाळा काढली. ज्यांना ही कला शिकण्याची दारे बंद होती, त्या तरुणांसाठी ती होती. आणि तेथे सर्व वर्णांचे विद्यार्थी एकत्र शिकू लागले. साठीच्या उंबरठ्यावरील नामवंत कलावंताने स्वतःची दृष्टी इतरांवर न लादता त्यांच्या हाती साधन दिले.

झानेले मुहोली याच शाळेत शिकले. त्यांच्या आईने गोऱ्या कुटुंबात मोलकरीण म्हणून आयुष्य वेचले होते. २००८ साली एका छायाचित्रमालेत मुहोलींनी स्वतःच मोलकरणीचे रूप घेऊन आईच्या कष्टांना वंदन केले. २०२० साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले.

गोल्डब्लॅट २०१८ साली निवर्तले. अशाच एका घरात राबणाऱ्या आईचे जीवन आता तिच्या लेकराने आतून टिपले होते. गुरूची थोरवी, आम्हांस वाटते, येथेच आहे: आपण जे बाहेरून पाहिले, ते आतून सांगणारा शिष्य घडावा आणि त्याच्यासाठी आपण बाजूला सरावे.

त्या बाईंना आम्ही आता विचारणार आहोत. बोलतील त्या, ऐकणे मात्र या वयात आम्हांला नव्याने शिकावे लागेल.