दुरुस्तीचा हुकूम

बिघाडाने होणारे नुकसान आणि दुरुस्तीने होणारे नुकसान यांचा वेगवेगळा हिशेब कोणत्याही कार्यालयात ठेवला जात नाही. दोन्ही एकाच शीर्षाखाली जातात आणि दोष बहुधा बिघाडाच्या माथी मारला जातो. सतरा-अठरा वर्षांपूर्वी मी स्वतः दिलेल्या एका दुरुस्तीच्या हुकुमाची हकिकत येथे नमूद करीत आहे. तिचा संबंध वरवर पाहता संगणकाशी आहे. परंतु वाचकांच्या लक्षात येईल की ती मुळात प्रशासनाचीच गोष्ट आहे.

२००८ साली माझी नेमणूक छत्तीसगढमधील भिलाई येथे होती. सोव्हिएत रशियाशी १९५५ मध्ये झालेल्या कराराने उभे राहिलेले हे पोलादनगर. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. सेक्टरांत आखलेली वसाहत, रुंद सावलीचे रस्ते आणि रात्री क्षितिजावर दिसणारा तांबूस उजेड हे चित्र नागपूरकडून रेल्वेने जाणाऱ्या मराठी माणसाला अपरिचित नाही. येथे विदर्भातून आलेली कुटुंबेही पुष्कळ आहेत. माझे कार्यालय मात्र कारखान्याचे नव्हते. ते एक लहानसे केंद्रीय कार्यालय होते. त्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. कंत्राटी कामगारांच्या वर्गणीच्या नोंदी ठेवणे आणि काम सुटल्यावर त्यांचे दावे निकाली काढणे हे आमचे काम. या नोंदी लिनक्सवर चालणाऱ्या एका सर्व्हरवर होत्या. प्रत्येक कंत्राटदार आस्थापनेची स्वतंत्र फाइल आणि तिच्यात कामगारवार रकमा, अशी ती साधी रचना होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाआधीचे वादळ आले. वीज गेली, यूपीएसने पाच मिनिटांत मान टाकली आणि सर्व्हर काम चालू असतानाच बंद पडला. वीज आल्यावर तो पुन्हा सुरूही झाला. आम्ही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तक्रारी येऊ लागल्या. एक फाइल उघडेना, दुसरीच्या नावात चित्रविचित्र अक्षरे दिसू लागली, तिसरी यादीत असूनही जागेवर नव्हती.

असे का व्हावे, हे मला पुढे समजले ते येथेच सांगतो. डिस्कवरील फाइल-व्यवस्था म्हणजे एक रेकॉर्ड रूमच. फाइलचे नाव एका नोंदवहीत असते. ती फाइल कोणत्या खणांत, किती जागेत ठेवली आहे याचे कार्ड वेगळे असते (त्याला आयनोड म्हणतात). आणि प्रत्यक्ष मजकूर खणांत असतो. त्या काळी प्रचलित असलेल्या ‘एक्स्ट-थ्री’ या फाइल-व्यवस्थेत याशिवाय एक रोजकीर्द असे. नोंदवहीत किंवा कार्डात बदल करण्यापूर्वी तो रोजकीर्दीत लिहायचा आणि मगच मूळ जागी चढवायचा. वीज गेली तर रोजकीर्द वाचून अपुरे काम पुरे करता येते. योजना उत्तमच. परंतु डिस्कला स्वतःची एक तात्पुरती स्मृती असते. मजकूर तबकडीवर उतरण्यापूर्वीच ती ‘लिहिले’ असे कळवून मोकळी होते आणि सोयीप्रमाणे क्रम बदलून लिहिते. हा क्रम पाळायला लावणारी तरतूद एक्स्ट-थ्रीमध्ये होती, पण गती कमी होऊ नये म्हणून ती सहसा मुळातच बंद ठेवलेली असे. ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा कार्यवाहीपूर्वीच मारणारा लिपिक आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या भरवशावर चालणारी रोजकीर्द वादळात टिकत नाही.

आमचा तांत्रिक सहायक दुर्गचा राहणारा, पंचविशीतला, मितभाषी तरुण होता. त्याने मला सांगितले, “सर, आधी सर्वांचे काम थांबवू, डिस्कची हुबेहूब नक्कल घेऊ आणि मग त्या नकलेवर दुरुस्ती करून पाहू. तीन-चार तास लागतील.” नकलेसाठी तेवढ्याच क्षमतेची दुसरी डिस्क कार्यालयात नव्हती. ती घ्यायची तर कोटेशने मागवणे आले. महिनाअखेरची बिलांची यादी दुसऱ्या दिवशी वरिष्ठ कार्यालयाला द्यायची होती आणि त्याच डिस्कवर यादीचे काम चालू होते. मी विचारले, “दुरुस्तीचा प्रोग्राम आहे ना? मग तो चालवा.”

लिनक्समध्ये फाइल-व्यवस्था तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम ‘एफएससीके’ या नावाने ओळखला जातो. त्याने पडद्यावर पहिल्याच पायरीवर इशारा दिला की, ही डिस्क वापरात आहे, पुढे गेलात तर गंभीर नुकसान होईल, खरोखरच पुढे जायचे आहे काय? तरुणाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “हो म्हणा.” पुढे दर ओळीला नवा प्रश्न येऊ लागला, तेव्हा सर्व प्रश्नांना आपोआप ‘हो’ असे उत्तर देणारा पर्याय निवडावा, असेही मीच सांगितले. माझ्या नोकरीत मी इतक्या थोड्या वेळात इतक्या प्रस्तावांना न वाचता मंजुरी कधी दिली नव्हती.

वापरात असलेल्या डिस्कची दुरुस्ती का करू नये, याचे कारण सोपे आहे. चालू यंत्रणेने नोंदवहीची एक प्रत आपल्या स्मृतीत घेतलेली असते. दुरुस्ती करणारा प्रोग्राम खाली मूळ वहीत खाडाखोड करतो, आणि थोड्या वेळाने यंत्रणा आपल्याजवळची जुनी पाने तिच्यावर पुन्हा लिहून टाकते. दोन कारकून एकमेकांना न सांगता एकाच रजिस्टरवर काम करीत असावेत, तसे हे असते. आमच्या शेजारी कारखान्यातले एक अभियंता राहत. संध्याकाळी त्यांना हे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “झोतभट्टीच्या आतल्या विटांचे अस्तर आम्ही भट्टी थंड केल्याशिवाय बदलत नाही, साहेब.”

प्रोग्राम संपला. अखेरच्या ओळीत फाइल-व्यवस्था सुधारण्यात आल्याचे लिहिले होते. त्यानंतर आमच्या मुख्य फोल्डरात जवळपास निम्म्या फाइल्स दिसेनाशा झाल्या.

त्या गेल्या कोठे? दुरुस्ती करताना ज्या फाइलचे कार्ड सापडते पण नाव सापडत नाही, ती हा प्रोग्राम ‘लॉस्ट प्लस फाउंड’ नावाच्या एका ठरावीक फोल्डरात टाकतो आणि नावाऐवजी तिला केवळ तिच्या कार्डाचा क्रमांक देतो. सरकारी लेख्यांशी परिचय असलेल्यांना ही व्यवस्था लगेच ओळखता येईल. हे आपले उचंत खाते! ज्या रकमेचे शीर्ष कळत नाही ती उचंतमध्ये टाकायची, म्हणजे ताळेबंद जुळतो. रक्कम कोणाची, हा प्रश्न मागाहून कोणीतरी सोडवायचा. पुण्याच्या पेशवे दप्तरातील हजारो रुमाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हेही ठाऊक असेल की कागद हाती असणे आणि कागद कोणाचा हे कळणे यांत केवढे अंतर असते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात त्या दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले, ते परिश्रम याच अंतरावर खर्ची पडले. आमच्याकडे सरदेसाई नव्हते. तो दुर्गचा तरुण होता.

त्याने आता माझी परवानगी मागितली नाही. सर्वांना बाहेर काढले, डिस्क वापरातून सोडवली, आपल्या एका मित्राकडून डिस्क उसनी आणली आणि रात्रभर बसून नक्कल घेतली. यापुढचे सर्व काम नकलेवरच झाले. फाइल-व्यवस्थेचा आराखडा ज्यात असतो त्या मुख्य खणाच्या राखीव प्रती डिस्कवर ठरावीक अंतरांवर असतात. आमच्या डिस्कवर पहिली राखीव प्रत ३२७६८ क्रमांकाच्या खणात होती. तिच्या आधारे त्याने आधी काहीही न बदलणारी, केवळ दोष सांगणारी तपासणी केली. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणारी. ही सोय पहिल्या दिवशीही होतीच. मग त्याने उचंतमधील एकेक फाइल उघडून पाहिली. आमच्या फाइल्सच्या पहिल्या ओळीत आस्थापनेचा संकेतांक असे, त्यामुळे बहुतेक फाइल्सची नावे मजकुरावरूनच परत मिळाली. आठवड्याभरात काम पूर्ववत झाले. मी वरिष्ठ कार्यालयास ‘माहिती पूर्णतः पुनर्प्राप्त’ असे कळवले. वाक्य टंकलिखित झाले, माझी सहीही झाली.

ऑगस्टमध्ये दल्ली-राजहराच्या बाजूने एक वृद्ध कामगार आपल्या दाव्यासाठी आला. लोहखनिजाच्या त्या खाणींतून भिलाईच्या भट्ट्यांना माल येतो. कारकुनाने त्याला शिल्लक रक्कम वाचून दाखवली. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, “साहब, ये पइसा मोर नोहे.” छत्तीसगढीतला हा ‘नोहे’ आपल्या संतांच्या मराठीतलाच, अर्थ विचारावा लागला नाही. रक्कम त्याच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त होती. त्याने इतकी वर्षे कामच केले नव्हते, असे त्याचे म्हणणे होते.

तपासले तेव्हा उलगडा झाला. दुरुस्तीच्या वेळी काही खणांवर दोन-दोन फाइल्सनी हक्क सांगितला होता. अशा वेळी प्रोग्राम त्या खणाची प्रत काढतो आणि दोघींनाही एकेक देतो. भांडण मिटते, रचना निर्दोष होते; पण खणातला मजकूर मुळात एकीचाच असतो. दुसरीच्या पोटात परक्या नोंदी जाऊन बसतात. त्या वृद्धाच्या नावापुढे दुसऱ्या कोणाची तरी वर्षे लागली होती. म्हणजेच कोठेतरी कोणाच्या तरी नावापुढची वर्षे नाहीशी झाली होती, आणि तो माणूस आमच्याकडे आलाच असता तर आम्ही त्याला संगणकाचा कागद दाखवून परत पाठवले असते.

किती फाइल्स अशा होत्या, हे संगणक सांगू शकत नव्हता. त्याच्या दृष्टीने सर्व काही ठीक होते. खरे काय ते केवळ जुन्या हस्तलिखित रजिस्टरांत होते. आणि ती रजिस्टरे ‘संगणकीकरण पूर्ण झाल्याने’ नष्ट करावीत, या प्रस्तावावर मी मार्चमध्येच सही केली होती. मी तसाच उठून रेकॉर्ड रूममध्ये गेलो. आमचे अभिलेखपाल गोंदियाकडचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांना विचारले. ते चष्मा पुसत म्हणाले, “आहेत नं साहेब सगळी. रद्दीचं टेंडरच नाही निघालं अजून.” थोड्या वेळाने त्यांनी कबूल केले की टेंडर निघाले नव्हते, कारण त्यांनी नस्ती पुढे पाठवलीच नव्हती. ज्या दिरंगाईबद्दल मी त्यांच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा लिहिण्याच्या बेतात होतो, तिनेच आम्हाला वाचवले. सहा कर्मचारी चार महिने रजिस्टरे आणि फाइल्स ताडून पाहत होते. एकवीस फाइल्समध्ये परक्या नोंदी निघाल्या. त्या वृद्धाला त्याची, कमी असलेली, रक्कम मिळाली.

या प्रकरणावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या प्रोग्रामला दोष देता येत नाही. तो सुसंगती तपासतो, सत्य नव्हे. आणि तसा दावाही तो करीत नाही. प्रत्येक खणाला एकच मालक असावा, प्रत्येक कार्डाला नाव असावे, बेरजा जुळाव्यात, एवढेच त्याचे काम. ते साधण्यासाठी काही फेकून द्यावे लागले तर तो फेकतो. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवत की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे नाही. परस्परांना झाकणाऱ्या चुका तिला दिसत नाहीत. प्रशासनातही आपण लाभार्थींच्या याद्या ‘स्वच्छ’ करतो, दुबार नावे वगळतो, न जुळणारे क्रमांक रद्द करतो. यादी सुसंगत होते आणि अहवाल जातो. वगळलेला माणूस मात्र यादीत नसल्यामुळेच अहवालात दिसत नाही. जास्त रक्कम मिळालेला एक जण प्रामाणिक निघाला म्हणून आमची चूक उघडकीस आली. चूक शोधण्याची कोणतीही पद्धत आमच्याकडे नव्हती, हे त्याचे दुसरे नाव.

खर्चाचा हिशेबही सांगायला हवा. एका जादा डिस्कला तेव्हा काही हजार रुपये पडले असते. सहा जणांचे चार महिन्यांचे वेतन वाचकांनी स्वतः काढून पाहावे. परंतु डिस्कची खरेदी माझ्या तरतुदीतून झाली असती आणि तिच्याबद्दल प्रश्न विचारला गेला असता. वेतन तर कसेही खर्ची पडणारच होते, त्याचा जाब कोणी विचारत नाही. ज्या खर्चाचा जाब द्यावा लागतो तो टाळण्यासाठी ज्याचा द्यावा लागत नाही असा मोठा खर्च पत्करणे, हा दोष एका अधिकाऱ्याचा नाही. पण त्या दिवशी तो माझा होता.

आज परिस्थिती पालटली आहे. एक्स्ट-थ्रीची जागा एक्स्ट-फोरने घेतली, लेखनाचा क्रम पाळण्याची तरतूद तिच्यात मुळातच चालू असते, आणि रचनेच्या नोंदींना पडताळणीची बेरीजही जोडता येते. फाइलमधल्या मजकुराला मात्र तिच्यात अशी बेरीज नाही. ती हवी असेल तर झेडएफएस किंवा बीटीआरएफएस यांच्याकडे वळावे लागते. दुरुस्तीचा प्रोग्राम वापरातल्या डिस्कवर चालवू पाहिले तर आजही तोच इशारा देतो.

मी त्यानंतर जेथे जेथे गेलो तेथे तीन गोष्टी पाळल्या. आधी काम थांबवायचे. मग नक्कल घ्यायची. आणि दुरुस्तीनंतर काही नोंदी यंत्राबाहेरच्या पुराव्याशी ताडून पाहायच्या, त्याही यंत्राने दोष न सांगितलेल्या. संगणकाला जे लागू आहे ते चौकशी, पुनर्रचना आणि सुधारणा यांनाही लागू पडते, असा माझा अनुभव आहे.

असो. अभिलेखपाल त्याच वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या गोपनीय अहवालात मी ‘अभिलेखांच्या जतनाबाबत अत्यंत दक्ष’ असे लिहिले. तो तरुण पुढे दुसरीकडे चांगल्या नोकरीवर गेला. वरिष्ठ कार्यालयास पाठवलेले ‘माहिती पूर्णतः पुनर्प्राप्त’ हे माझे पत्र मात्र मी दुसऱ्या पत्राने दुरुस्त केले. त्याला पोच आली नाही.