नोटेवरचं तोंड

माझे वडील, नाना, नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये होते. १९४६ साली लागले, १९८४ साली निवृत्त झाले. पाळी संपली की दारावर झडती व्हायची. खिसे, डबा, चपला, सगळं. आत प्रत्येक ताव मोजून हाती यायचा आणि मोजूनच परत जायचा. त्यामुळे नाना दिवसभर काय करून येतात ते आम्हा भावंडांना घरात कधी दिसलं नाही. ते दिसायचं वाण्याच्या गल्ल्यात. किराणा आणायला गेले की मोड घेताना मी नोट उलटीसुलटी करून बघायचे, हिच्यावरून नानांचा हात फिरला असेल का म्हणून.

नानांची एक गोष्ट होती. दर सव्वीस जानेवारीला आम्ही शाळेतून झेंडावंदन करून आलो की ते ती सांगायचे. "पंधरा ऑगस्टला झेंडा बदलला. पण सुट्टी संपवून कामावर गेलो तर छापायला पुढ्यात कोण? तोच, सहावा जॉर्ज." लोकांना वाटतं सत्तेचाळीसला राजा गेला. तो गेला नव्हता. देश स्वतंत्र होता, पण राजा तोच होता आणि गव्हर्नर जनरल त्याच्या नावाने बसत होता. आधी माउंटबॅटन, मग राजाजी. १९४९ साली एक रुपयाची नवी नोट निघाली, तिच्यावर राजाच्या जागी सारनाथच्या स्तंभावरचे सिंह आले. पुढे २६ जानेवारी १९५० ला राजा कायद्यानेही संपला. "मी राजा आधी नोटेवरून गेलेला पाहिला, मग देशावरून," असं म्हणून नाना गोष्ट संपवायचे. ते वाक्य आम्हाला पाठ होतं. ते समजायला मात्र मला मेलबर्न गाठावं लागलं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे १९८६ साली आम्ही तिकडे गेलो. निघताना नानांनी एक पाकीट हातात ठेवलं. आत त्या पहिल्या सिंहांच्या नोटांपैकी एक होती, बाजारात फिरून मऊ झालेली. ती त्यांनी प्रेसमधून नव्हे, एका भाजीवाल्याकडून मोड म्हणून मिळवली होती आणि वर्षानुवर्षं जपली होती. "लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवत जा," म्हणाले.

मी तिथे एका सार्वजनिक वाचनालयात नोकरीला लागले. मुलगी शाळेत जायला लागली, घर घेतलं, आणि १९९२ साली आम्ही नागरिकत्व घ्यायचं ठरवलं. समारंभाची तारीख आली २६ जानेवारी. तिथला राष्ट्रीय दिवस त्याच तारखेला असतो. १७८८ साली ब्रिटिशांनी सिडनीच्या खाडीत वसाहत केली, तो दिवस. नगरपालिकेच्या सभागृहात आम्ही तीस-चाळीस जण हातात शपथेचा कागद घेऊन उभे राहिलो. त्यात देशाचं, कायद्याचं काही असेल अशी माझी समजूत होती. तेही होतं, पण शेवटी. पहिल्या ओळींत होती राणी एलिझाबेथ दुसरी, तिचे वारस आणि तिच्यामागून गादीवर येणारे. त्यांच्याशी मी एकनिष्ठ राहीन असं मी देवाला स्मरून म्हटलं. घसा कोरडा पडला होता. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून पुढे पासपोर्टही परत करावा लागला. तो पासपोर्ट छापलेला नाशिक रोडचाच, नोट प्रेसच्या शेजारच्या सिक्युरिटी प्रेसचा. सिंहांचं पुस्तक देऊन मी राणीची प्रजा झाले, आणि तेही सव्वीस जानेवारीला.

त्याच वर्षी तिथे पाच डॉलरची नवी प्लास्टिकची नोट निघाली. जुन्या नोटेवर कॅरोलाइन चिझम होती. एकोणिसाव्या शतकात बोटीतून उतरणाऱ्या निराधार बायकांना आसरा आणि काम मिळवून देणारी बाई. तिला काढून तिथे राणीला बसवलं. मी परमुलखातून आलेली बाई, मला ते लागलं. फोनवर नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तिकडे अजून सत्तेचाळीसच चालू आहे."

पुढची सात वर्षं मी जे केलं ते या एका वाक्यामुळे.

ऑस्ट्रेलियात प्रजासत्ताकासाठीची चळवळ १९९१ साली संघटित झाली होती. १९९४ मध्ये शपथेतून राणीचं नाव काढलं गेलं, पण आमची शपथ होऊन गेली होती. वाचनालयातल्या एका वयस्क सहकारी बाईंनी मला १९७५ ची हकिगत सांगितली. लोकांनी निवडून दिलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरलनी राणीच्या नावाने मिळालेला अधिकार वापरून एका दुपारी घरी पाठवलं. सांगताना चोवीस वर्षांनीही बाईंचा आवाज चढला. "राणी बिचारी काय त्रास देते?" असं मला नंतर अनेकांनी विचारलं, मराठी घरांतूनही. तेव्हा मी हीच हकिगत सांगायची. त्रास राणी देत नाही. तिच्या नावाने कोणी काय करू शकतं हा प्रश्न आहे.

फेब्रुवारी १९९८ मध्ये कॅनबेराच्या जुन्या संसदेत १५२ प्रतिनिधींची परिषद भरली आणि एक आराखडा ठरला: राणी आणि गव्हर्नर जनरल यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष, आणि त्याची नेमणूक संसदेच्या दोन-तृतीयांश बहुमताने. सार्वमत ठरलं ६ नोव्हेंबर १९९९ ला. तिथे घटना बदलायची तर देशभरातलं बहुमत पुरत नाही. सहापैकी निदान चार राज्यांतही बहुमत लागतं. तोवर झालेल्या सार्वमतांत मंजूर झालेले प्रस्ताव होते अवघे आठ. हे ठाऊक असूनही आम्ही ‘हो’च्या प्रचारात उतरलो. मी मेलबर्नमधली डँडेनाँगच्या बाजूची वस्ती मागून घेतली. तिथे माझ्यासारखेच बाहेरून आलेले लोक राहत, व्हिएतनामी, ग्रीक, श्रीलंकन, तुर्की. शनिवार-रविवार पत्रकांची पिशवी खांद्याला, दुपारपर्यंत दारं.

एक भीती सगळीकडे भेटायची: राणी गेली तर राष्ट्रकुलातून बाहेर काढतील. ही भीती मला पाच मिनिटांत घालवता यायची. एप्रिल १९४९ मध्ये लंडनला ठराव झाला तो भारतासाठीच. भारताने प्रजासत्ताक व्हायचं ठरवलं आणि तरी तो राष्ट्रकुलात राहिला. राजा फक्त राष्ट्रकुलाचा प्रमुख म्हणून मानायचा, आपला राजा म्हणून नव्हे. ती वाट आपण पाडून दिलेली, हे सांगताना माझी मान ताठ व्हायची. मग मी नानांची नोट सांगायची. राजा नोटेवरून गेला, देश तसाच राहिला, दुसऱ्या दिवशी प्रेस चालू, गाड्या वेळेवर. लोक ऐकायचे. एका श्रीलंकन आजींनी तर चहा दिला आणि सांगितलं की आमचंही १९७२ पर्यंत तुमच्या सत्तेचाळीससारखंच होतं.

एका दारावर मात्र मला उत्तर सापडलं नाही. ग्रीक गृहस्थ होते, सत्तरीचे, अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. ग्रीसने डिसेंबर १९७४ मध्ये सार्वमत घेऊन राजा घालवला, ते त्यांना पाठ होतं. मला वाटलं हे आपलेच. त्यांनी पत्रक वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "राष्ट्राध्यक्ष मी निवडणार?"

"नाही, संसद."

"मग माझ्याकडून काय हवंय? एका मालकाला घालवून दुसरा नेमायची परवानगी?"

मी भारताचं सांगितलं. आमचा राष्ट्रपतीही थेट लोक निवडत नाहीत, खासदार-आमदार निवडतात, आणि ते चालतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तुम्ही तुमच्या पुढाऱ्यांवर विश्वास ठेवला. मी ठेवत नाही." आणि पुन्हा काठ्या बांधायला लागले.

पुढच्या महिन्याभरात हे वाक्य मी निरनिराळ्या भाषांच्या इंग्रजीत शंभरदा ऐकलं. विरोधी बाजूचं घोषवाक्यच ते होतं: राजकारण्यांचं प्रजासत्ताक नको. गंमत अशी की हे म्हणणारे राणीचे भक्त नव्हते. ते प्रजासत्ताकवाले होते. थेट निवडणूक हवी म्हणून ते ‘नाही’ म्हणणार होते, आणि पंतप्रधान जॉन हॉवर्ड, जे राजेशाहीच्या बाजूचे होते, त्यांना याहून चांगले सोबती मिळाले नसते. आज विचार करते तेव्हा मला वाटतं चूक आमची होती. राजा घालवायची चळवळ म्हणजे लोकांवर विश्वास टाकायची चळवळ. आणि आम्ही दारात उभे राहून लोकांना समजावत होतो की निवड तुमच्यावर न सोडलेली बरी. आराखडा वाईट नव्हता. तो अजूनही मला ठीक वाटतो. पण तो दारात सांगता येत नव्हता.

दुसरा प्रसंग बाजारातला. पत्रकं वाटत असताना एका आदिवासी बाईंनी पत्रक घेतलं आणि विचारलं, तुमचा राजा गेला तेव्हा ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांना काय मिळालं? त्यांच्या लोकांनी २६ जानेवारी १९३८ ला सिडनीत शोकदिवस पाळला होता, गोऱ्यांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली म्हणून. मी गप्प झाले. माझ्या डोळ्यांपुढे पंचवटी आली. २६ जानेवारी १९३० ला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा झाली, आणि पाच आठवड्यांनी, २ मार्चला, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पाच वर्षं चालवला. दार उघडलं नाही. एकाच साली, एकाच गावात, कोणी राजाला नको म्हणत होतं आणि कोणी फक्त पायरी चढू द्या म्हणत होतं. त्या बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, मग घटना झाल्यावर? मी म्हटलं, मतदान सगळ्यांना मिळालं, अस्पृश्यता कायद्याने संपली, आणि बाकीचं अजून चाललं आहे. त्यांनी पत्रक परत दिलं नाही, पिशवीत ठेवलं. सार्वमतात दुसराही एक प्रश्न होता, घटनेला नवी प्रस्तावना जोडायचा. तिच्यात मूळ रहिवाशांचा आदराने उल्लेख होता, पण त्यातून त्यांना कसलाही हक्क मिळणार नव्हता. तो प्रश्न तर आमच्याहून मोठ्या फरकाने पडला. ‘हो’ला चाळीस टक्केही मिळाले नाहीत.

६ नोव्हेंबरला शनिवार होता. एका प्राथमिक शाळेच्या फाटकाशी मी सकाळी आठपासून ‘हो’ची पत्रकं घेऊन उभी. तिथे मतदान सक्तीचं आहे, त्यामुळे सगळी वस्ती आली. ज्या दारांवर मी गेले होते ती माणसं ओळख दाखवून हसली आणि त्यातल्या कितीतरी जणांनी माझं पत्रक न घेता शेजारचं घेतलं. ते ग्रीक गृहस्थ सूट घालून आले होते. त्यांनी दोन्ही पत्रकं घेतली, मला मान लववून आत गेले. संध्याकाळी निकाल यायला लागले आणि जेवणाआधीच सगळं स्पष्ट झालं. ‘हो’ ४५ टक्के, ‘नाही’ ५५. सहाही राज्यं गेली. आमचा व्हिक्टोरिया अगदी काठावर, पन्नासला अर्ध्या टक्क्याहूनही कमी राहिले होते. शहराच्या मधल्या, सुखवस्तू वस्त्यांनी भरभरून ‘हो’ म्हटलं. बाहेरच्या कामगार वस्त्यांनी, माझ्या वस्त्यांनी, नाही म्हटलं. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. ताटात लाह्या-बत्तासे ठेवले, नानांची नोट ठेवली, आणि नवऱ्याने सवयीने पाकिटातल्या चार नोटा शेजारी मांडल्या. त्यातली एक पाचाची निघाली. मी ती उचलली नाही. राणी आणि सिंह शेजारी शेजारी, मध्ये हळदकुंकू. पूजा झाल्यावर नाशिक रोडला फोन लावला.

"हरलो, नाना."

"किती?"

"पंचेचाळीस टक्के."

"ते पेपरात येईल. तू किती दारं केलीस?"

मी म्हटलं, मोजली नाहीत. पलीकडे थोडा वेळ नुसता फटाक्यांचा आवाज. मग ते म्हणाले, "मोजायला हवी होतीस. किती ताव आत गेले ते माहीत असल्याशिवाय किती फुकट गेले ते कळत नाही." आणि फोन आईकडे दिला.

नाना २००४ साली गेले. मी आता जेल रोडवरच्या त्यांच्याच घरात असते. मुलगी मेलबर्नलाच आहे. राणी वारल्यानंतर, फेब्रुवारी २०२३ च्या सुरुवातीला तिचा सकाळी फोन आला. तिथल्या रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं होतं की पाच डॉलरच्या नव्या नोटेवर राजा चार्ल्स येणार नाही. तिथे मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचं चित्र येईल. देशाचा राजा मात्र चार्ल्सच.

"आई, नानांच्या हिशेबाने नोटेनंतर देशाला किती दिवस लागले होते?"

"वर्षभर. त्याच्या आत-बाहेर."

"इथे जास्त लागतील," ती म्हणाली. तिने त्या चळवळीचं सभासदत्व घेतलं आहे. पुन्हा दारं ठोठावायची वेळ आली तर ती आकडा वहीत लिहून ठेवणार आहे, पहिल्या दारापासून. वहीसुद्धा घेऊन ठेवली आहे म्हणाली.