ढगातलं पेव

येरमाळ्याच्या माणसाला ढगाचं कौतुक सांगू नये. तो बालाघाटाच्या डोंगरावर येतो, येडेश्वरीच्या देवळावर घटकाभर रेंगाळतो, बायाबापड्यांना वाळवणं गोळा करायला लावतो आणि कोरडाच निघून जातो. त्यामुळं पुण्याच्या पुतण्यानं, "नाना, आपल्या डेअरीचा हिशेब मी ढगात ठेवलाय," असं सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

डेअरी म्हणजे धाकट्या भावाचं दूध संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट लावायची, पावती द्यायची आणि दर दहा दिवसांनी पैसे वाटायचे. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर तिथला जमाखर्च माझ्याकडं आला. (म्हणजे सौभाग्यवतींनी घराबाहेर काढलं आणि भावानं आत घेतलं.)

"ढग म्हणजे आभाळातला नव्हे हो," पुतण्या म्हणाला. "मुंबईत इमारती आहेत, त्यांत यंत्रंच यंत्रं. त्यातली एक डिस्क आपण भाड्यानं घेतलीय. ब्लॉक स्टोअरेज म्हणतात."

"म्हणजे पाऊस मुंबईत आणि आमच्याकडं नुसता गडगडाट!"

हा धंदा ॲमेझॉननं २००८ साली सुरू केला आणि २०१६ साली मुंबईत त्यांची यंत्रं आली, हे त्यानं मला समजावलं. आमची डिस्क कुणाची, ते सांगत नाही. कारण पुढं जे घडलं त्यात दोष आमच्याच घरचा. यातली गंमत अशी, की काँप्युटर वेगळा आणि डिस्क वेगळी. काँप्युटर मेला तर डिस्क सोडवायची आणि दुसऱ्याला जुंपायची. बैल बदलला तरी गाडी तीच. हे मात्र मला पटलं.

पटलं नाही ते बिल. सहा महिन्यांत ते दुप्पट झालं. ज्यानं जन्मभर शाळेत खडूचे तुकडे मोजले, तो गप्प कसा बसेल? मी पुतण्याला फोनवर उभा केला. चौकशीअंती निघालं काय, तर तीन डिस्का अशा, की त्यांना काँप्युटरच नाही. चाचणीसाठी घेतलेले काँप्युटर त्यानं बंद केले, डिस्का तशाच राहिल्या. बैल विकले आणि गोठ्याचं भाडं चालूच!

"आणि चौथी एवढी मोठी कशाला?"

"वेगासाठी, नाना. जुन्या जातीत जागा मोठी घेतली तरच वेग मिळायचा."

म्हणजे मोटार मोठी हवी असेल तर विहीरच मोठी खणा. २०२० च्या डिसेंबरपासून विहीर वेगळी आणि मोटार वेगळी मिळायला लागली, पण हे चिरंजीव जुन्याच विहिरीवर बसलेले.

"मग आहे तीच लहान कर."

"ती वाढवता येते, कमी करता येत नाही."

मी स्वतःच्या पोटाकडं पाहिलं आणि वाद घातला नाही. पण नवी, लहान डिस्क घेऊन जुन्या सगळ्या काढून टाकायचं फर्मान सोडलं. "आजच्या आज!" असंही म्हणालो. हे 'आजच्या आज' मला फार महागात पडलं.

दुपारी त्यानं नवी डिस्क जोडली. त्यासाठी जुनी सोडवली. माल हलवायच्या आधीच ती मोकळ्या डिस्कांच्या ढिगात गेली आणि त्यांच्याबरोबर पुसलीही गेली. संध्याकाळी दुधाला रांग लागली आणि पडद्यावर एकाही खातेदाराचं नाव नाही. उद्या पैसे वाटायचे होते आणि चैत्र पौर्णिमेची यात्रा चार दिवसांवर होती. यात्रेचा बाजार, लेकी-जावयांची साडीचोळी, सगळं त्या पैशांवर. रांगेतलं कुणी काही बोललं नाही. तेच जास्त वाईट.

"घाबरू नका," पुतण्या म्हणाला. "रोज रात्री दोन वाजता नक्कल निघते."

"मग उघड की!"

बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज. नक्कल कुलपात असते. कुणी पळवली तरी त्याला कचराच दिसावा म्हणून. कुलपाची किल्ली निराळी आणि तिचं भाडं महिन्याला डॉलरभर. तीही त्यानं दुपारी वितळवायला टाकली होती.

"डॉलर वाचवायला कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच की, नाना."

मला आमच्या आजोबांचं पेव आठवलं. कडबा लावून जमिनीत ज्वारी पुरायची, तोंडावर फरशी आणि माती. उघडल्यावर आजोबा कुणाला लगेच उतरू देत नसत. आधी कंदील सोडायचा. तो विझला तर माणूसही विझणार. एका साली आत पाणी मुरलं होतं, ज्वारी काळी निघाली. तेव्हापासून गरज नसली तरी ते पेव मधेच उघडून पाहायचे आणि आम्ही पोरं हसायचो. आमच्या नकलेत कंदील एकदाही कुणी सोडला नव्हता.

येडाईची कृपा एवढीच, की किल्ली टाकल्याबरोबर भट्टीत जात नाही. निदान सात दिवस थांबावं लागतं, तेवढ्यात परत मागता येते. पुतण्यानं मागितली. नकलेवरून नवी डिस्क भरली. पहिल्या वाचनाला ती कण्हत कण्हत चालली, पण रात्री अकराला आदल्या रात्रीपर्यंतची सगळी खाती दिसली. राहिलं ते फक्त त्या दिवशी सकाळचं दूध.

पहाटेच्या रांगेत ज्यानं त्यानं पावती दाखवली. कुणाची टोपीतून निघाली, कुणाची पिशवीतून. एका आजींची पावती शेळीनं खाल्ली होती.

"साडेतीन लिटर," आजी म्हणाल्या. "आन् फॅट सहा पॉइंट पाच."

त्यांच्या म्हशीची फॅट सहा पॉइंट दोनच्या वर कधी गेली नव्हती, हे मला आणि आजींना दोघांनाही ठाऊक. मी मुकाट्यानं साडेसहा लिहिली.

आता दर अमावास्येला, माझ्या देखत, पुतण्या पुण्यातून एक नक्कल उघडून दाखवतो. मी चष्मा पुसून त्या सकाळच्या पानावर जातो. आजींच्या नावापुढं अजून सहा पॉइंट पाचच आहे.