कल्याणच्या लोहाराची वाट

आमच्या माणसांना डोंगर नवा नाही. डोंगरातून लाकडं आणली, गवत कापलं, मेलेली ढोरं ओढत नेऊन पायथ्याला टाकली. हातात काठी घेऊन या गावचा सांगावा त्या गावाला पोचवला. वतन होतं ना! १९५८ च्या कायद्यानं ते गेलं. तोवर पाय आमचे आणि हुकूम गावाचा. डोक्यावर ओझं नाही, कुणाचं बोलावणं नाही आणि आपण आपले डोंगर चढतोय, असा एक दिवस आजापणजाच्या वाट्याला आला नाही.

म्हणून मी म्हणतो, नुसतं चालायला जाणं ही आपल्यासाठी चैन नव्हे. मी निघालो तर आय म्हणाली, "डोंगुर काय बघायचा रं? आमी जल्मभर त्योच बघितला." तिचं खरंच आहे. तिनं तो मोळीखाली वाकून बघितला. मला ताठ मानेनं बघायचा होता.

मी भिवंडीला मागावर काम करतो. बारा तासांची पाळी. पाळी संपली तरी खडखडाट कानातून जात नाही, झोपेतही माग चालूच असतो. सुट्टी धरून आम्ही तिघं निघालो. भिवंडीहून ठाणं, ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्यानं बोरिवली. उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटर. बस मिळते, पण आम्ही पायीच गेलो. भादवा सरत आला होता. झाडी ओली, ओढे वाहते, आणि बऱ्याच दिवसांनी कान रिकामे.

कान्हेरी म्हणजे काळा डोंगर. या काळ्या दगडात शंभरावर लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीपासून जवळजवळ हजार वर्षं इथं भिक्खूंची वस्ती होती. लोक तिसऱ्या लेण्यातले उंच बुद्ध बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही परत फिरू नका. वर चढा. दगडातच पायऱ्या कोरल्यात. बहुतेक लेण्यांच्या दाराशी एक चौकोनी तोंड दिसेल. वाकून बघा, आत पाणी. डोंगराच्या उघड्या पाठीवर बोटभर रुंदीच्या चरी मारल्यात. पाऊस त्या चरीतून धावतो आणि टाक्यात उतरतो. पंप नाही, नळ नाही. ज्यानं ही चर मारली त्याला पाण्याचा स्वभाव ठाऊक होता.

या टाक्याला तिथल्या शिलालेखात 'पाणियपोढी' म्हटलंय. ब्राह्मी अक्षरं मला वाचता येत नाहीत. वाचनालयातल्या पुस्तकातून कागदावर उतरवून नेलं होतं. लेखात राजे आहेत, व्यापारी आहेत. पण मला हवे होते ते दोघं. एक कल्याणचा सोनार, सामिदत. त्यानं पाण्याची पोढी दिली. दुसरा कल्याणचाच लोहार, नद. त्यानं वाट दिली. लेखात त्याचा धंदाही कोरलाय, 'कमार' म्हणून. दोस्तहो, विचार करा. घण मारणारा एक माणूस. गाठीला पैसा जमला तेव्हा त्यानं डोंगरात वाट बांधली आणि खाली आपलं नाव, गाव, काम लिहिलं. लाजला नाही. कल्याण म्हणजे माझ्या भिवंडीच्या शेजारचं गाव. मी रोज हजारो वार कापड विणतो, त्यावर माझं नाव कुठंच नसतं.

आणखी एक. पोढी दिली असं लेखात आहे. कुणी प्यायची नाही, हे कुठं कोरलेलं नाही.

लेण्यांच्या वर डोंगराचा माथा लागतो. विटांच्या स्तूपांचे चौथरे लागतात, तिथं भिक्खूंच्या अस्थी ठेवत. पुढं धारेनं चालत राहिलं की झाडी खाली जाते आणि तळी दिसतात. तुळशी, आणि पलीकडं विहार. डोंगराच्या ओंजळीत धरल्यासारखं पाणी. विहार १८६० ला बांधून झालं, तुळशी १८७९ ला. वाढत्या मुंबईला पाणी पाहिजे होतं म्हणून इंग्रजांनी बांध घातले. विहार भरून वाहिलं की ते पाणी मिठी नदीला मिळतं. मिठी कुर्ल्यावरून, धारावीच्या कडेनं माहीमच्या खाडीत जाते. २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीकाठच्या झोपड्यांत हेच पाणी शिरलं. वरून बघताना कळतं, एकच डोंगर, एकच पाऊस. कुणाच्या नळाला येतो, कुणाच्या चुलीत शिरतो.

तिथंच कातळावर आम्ही भाकरी सोडली. शेजारी शहरातली काही मंडळी बसली होती. चांगले बूट, चांगल्या पाठपिशव्या. आमचं पाणी संपलेलं. माझ्या दोस्तानं मागितलं. एकानं हसत बाटली पुढं केली आणि विचारलं, "नाव काय तुमचं?" यानं नाव सांगितलं. "पूर्ण नाव?" बाटली अजून त्याच्याच हातात. दोस्त म्हणाला, "आधी पाणी द्या, मग आडनाव देतो." तो ओशाळला, बाटली दिली. हा पोटभर प्याला आणि आडनाव सांगितलं, बापाच्या नावासकट, खणखणीत. परत घेतलेली बाटली त्या माणसानं पिशवीत ठेवली नाही, हातातच धरून बसला. का, ते त्याचं त्याला ठाऊक.

मला दौलताबाद आठवलं. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. अंगावर प्रवासाची धूळ, किल्ल्याच्या दाराशी भरलेला हौद. हातपाय धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून तिथले मुसलमान धावून आले. चवदार तळ्यावर हिंदू होते, इथं हे. आत जायला मिळालं ते पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, आणि संगतीला हत्यारबंद शिपाई. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे सहलीला निघालेला माणूसही आपल्यात नुसता सहलीला जाऊ शकत नव्हता.

आणि गिरणी? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागे, आणि आपली थुंकी बाटवणारी! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. माझ्या मागावर अजून धोटाच आहे. तो हातात घेताना मला हे आठवतं. पाणी, थुंकी, तोंड. सगळी लढाई तोंडाशीच.

उतरताना आम्ही लोहाराच्या वाटेचं बोलत होतो. ती नेमकी कुठली, हे आम्ही शोधत बसलो नाही. त्या डोंगरात पाय ठेवायला जी जी जागा कुणीतरी कोरून ठेवलीय, ती आम्ही त्याचीच धरली.

तेव्हा मित्रांनो, मोर्चाला जाता तसे डोंगरालाही जा. शाखेतली पोरंपोरी न्या, आयाबहिणींना न्या. भाकरी घ्या, पाणी जास्त घ्या, कारण पोढीतलं पाणी आता पिण्याजोगं राहिलेलं नाही. लेखाची नक्कल खिशात ठेवा आणि दगडासमोर उभं राहून मोठ्यानं वाचा. स्वतःचं नाव मात्र भिंतीवर खरडू नका. तिथं आपल्यासारख्या कष्टकऱ्याचं नाव आधीच आहे.