वारा येईल तशी पाठ न देणारं गाव

महाराष्ट्रातून कुंभकोणमला राहायला येणारा माणूस गावाची ओळख थोडीफार घरूनच घेऊन येतो. तंजावरचं मराठी राज्य, सरफोजीराजे, बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली इथलेच जन्मलेले, एवढं आपल्याला ऐकून माहीत असतं. राजकारणाबद्दलच्या दोन समजुतीही तो सोबत आणतो. तमिळ मतदार पडद्यावरच्या नटनट्यांवर भाळतो आणि दर पाच वर्षांनी एका द्रविड पक्षाला, म्हणजे कळघमला, डोक्यावर घेऊन दुसऱ्याला आपटतो, ही पहिली. दुसरी इथली देवळं पाहून तयार होते. कुंभेश्वर, शारंगपाणी, चक्रपाणी, रामस्वामी अशी देवस्थानं, बारा वर्षांनी येणारा महामहम हा स्नानोत्सव, कांचीला जाण्याआधी दीर्घकाळ इथंच असलेला शंकराचार्यांचा मठ. अशा गावात पेरियारांच्या नास्तिक चळवळीतून निघालेला द्रमुक निवडून येतोच कसा, असा प्रश्न पडतो. कुंभकोणम विधानसभा मतदारसंघाचे निकाल ओळीनं मांडले की दोन्ही समजुती गळून पडतात. हे गाव लाटेवर मत देत नाही आणि देवळाकडे बघूनही देत नाही. ते आधी पक्ष धरतं, मग कोण कोणाशी युती करून आलंय ते पाहतं, आणि धरलेला पक्ष सहजी सोडत नाही.

सुरुवात १९६७पासून करावी, कारण तमिळ राजकारणाची कूस तेव्हा बदलली. त्या वर्षी अण्णादुराईंच्या द्रमुकनं काँग्रेसला सत्तेवरून कायमचं खाली उतरवलं. कुंभकोणम लोकसभा मतदारसंघातूनही द्रमुकचे इरा. सेळियन निवडून आले. त्या मतदारसंघात आजूबाजूचे बरेच तालुके होते, त्यामुळे परिसरातलं वारं कुठं वाहत होतं याबद्दल शंका नको. त्याच वेळी झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत कुंभकोणमनं मात्र काँग्रेसचे एन. काशीरामन निवडले. १९७१ला द्रमुकनं २३४पैकी १८४ जागा घेतल्या, तरी काँग्रेस फुटल्यानंतरच्या संघटना काँग्रेसच्या तिकिटावर पुन्हा काशीरामनच आले. १९७७ साली नट-नेते एमजीआर यांच्या लाटेबरोबर गाव एकदा गेलं आणि अण्णाद्रमुकचे एस. आर. राधा आमदार झाले. १९८०ला एमजीआर पुन्हा जिंकले, पण कुंभकोणमनं द्रमुकशी युती केलेल्या इंदिरा काँग्रेसला कौल दिला. १९८४लाही इथं काँग्रेसच आली, या वेळी अण्णाद्रमुकच्या जोडीनं. म्हणजे राज्यात काँग्रेस सत्तेबाहेर गेली त्या निवडणुकीपासूनच्या पाच निवडणुकांपैकी चार तिनं इथं जिंकल्या. ज्या नटाच्या नावानं तमिळ मतदाराला नावं ठेवली जातात, त्याच्या पक्षाला या गावानं त्या काळात एकदाच थेट निवडून दिलं.

१९८९ला काटा फिरला. एमजीआर गेले होते, अण्णाद्रमुक त्यांच्या पत्नी जानकी आणि जयललिता अशा दोन गटांत फुटला होता, आणि काँग्रेस शेजारच्या पापनाशमहून उभ्या राहिलेल्या जी. के. मूपनारांच्या नेतृत्वाखाली एकटी लढत होती. द्रमुकचे को. सी. मणी निवडून आले. तेव्हापासून २०२१पर्यंतच्या आठ निवडणुकांपैकी सात द्रमुकनं जिंकल्या. अपवाद राजीव गांधींच्या हत्येनंतरच्या १९९१चा, जेव्हा अख्ख्या राज्यात द्रमुकच्या हाती दोनच जागा लागल्या. मणी १९९६, २००१ आणि २००६ला पुन्हा आले, त्यानंतर जी. अन्बळगन २०११, २०१६ आणि २०२१ला. २००१ला मूपनारांची तमिळ मानिल काँग्रेस आणि मूळ काँग्रेस दोन्ही जयललितांच्या बाजूला होत्या आणि द्रमुक ३१ जागांवर आला. त्या ३१मध्ये कुंभकोणम होतं. २०११ला तो २३ जागांपर्यंत घसरला, त्यातही कुंभकोणम होतं.

यावर पहिला आक्षेप गणिताचा. १९६७ ते २०२१ या १३ निवडणुकांत कुंभकोणम सहा वेळा राज्यातल्या विजेत्यांविरुद्ध गेलं आणि सात वेळा त्यांच्या बाजूनं. हे छापा-काट्यासारखंच झालं की, असं कुणी म्हणेल. सरकार कोणाचं आलं एवढंच मोजलं तर तसं दिसतंही. पण नाणं उडवून आठांत सात वेळा एकच पक्ष क्वचितच येतो. सरकारं बदलत गेली आणि गाव जागेवर राहिलं, म्हणून ते कधी सत्तेसोबत दिसतं, कधी विरोधात. दुसरा आक्षेप असा, की २००८च्या पुनर्रचनेत हद्दी बदलल्या, तेव्हा आधीचं आणि नंतरचं कुंभकोणम एकच कसं मानायचं? आक्षेप रास्त आहे. तरी हद्द बदलूनही कल बदलला नाही, ही गोष्ट माझ्याच म्हणण्याला बळ देते. २०११चा विजय दीड हजारांहून कमी मतांचा होता, हेही खरं. पण सत्ताधारी पक्ष २३ जागांवर कोसळत असताना काठावर तगणं म्हणजेच पक्की मतपेढी असणं. लाट ओसरली आणि २०२१ला तेच अंतर वीस हजारांच्या पुढं गेलं.

मग कारण काय? महामहमच्या चेंगराचेंगरीचं कारण पटकन सुचतं. फेब्रुवारी १९९२मध्ये मुख्यमंत्री जयललिता स्नानाला आल्या त्या दिवशी तळ्याकाठी पन्नासच्या आसपास माणसं मेली. पण १९९६ला जयललिता स्वतः बरगूरमध्ये पडल्या आणि त्यांच्या पक्षाला राज्यभरात चार जागा मिळाल्या. त्या पराभवातून कुंभकोणमचा राग वेगळा काढून दाखवता येत नाही. उलट २०१६चा महामहम त्यांच्याच कारकिर्दीत सुरळीत पार पडला आणि तीन महिन्यांनी गावानं द्रमुकचाच आमदार निवडला. देवाधर्माची चोख व्यवस्था मतांत उतरली नाही. शेजार पाहिला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. भाषा तीच, कावेरीचं पाणी तेच, तरी पापनाशमनं २००६, २०११ आणि २०१६ला अण्णाद्रमुकचे दोरैक्कण्णू निवडले. फरक पडतो तो गावागावात पक्षानं विणलेल्या जाळ्यामुळे. एकट्या माणसामुळे म्हणावं, तर मणींच्या जागी अन्बळगन आल्यावर गाव हललं असतं.

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे. सत्तेविरुद्ध मत देऊन गावाला मिळालं काय? कुंभकोणम जिल्ह्याची मागणी जुनी आहे. जिल्हा झाला तो २०२०मध्ये शेजारच्या मयिलाडुतुरैचा. पण २०२१पासून आमदार आणि सरकार एकाच पक्षाचे झाल्यावरही ही मागणी मागणीच राहिली. तेव्हा सत्तेच्या बाजूनं बसलं की पदरात पडतंच, हा हिशेबही खरा नाही. आपल्याकडे सांगोल्यानं शेकापच्या गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवलं, तेव्हा आपण त्याला निष्ठा म्हणालो. तमिळ माणूस तेच करतो तेव्हा त्याला भाबडा म्हणायचं काही कारण नाही. २०२१ साली कुंभकोणमची महानगरपालिका झाली. पुढच्या वर्षी द्रमुकनं तिचं पहिलं महापौरपद मित्रपक्ष काँग्रेसला सोडलं, आणि या जुन्या काँग्रेसी गावाचे पहिले महापौर झाले ऑटोरिक्षा चालवणारे के. सरवणन.